एस्टीच्या सीटवरचा रुमाल

मामांची गिरणी सुरू असली की त्या घरात कुणी कुणाशी बोलायचं नाही. बोललेलं ऐकूच यायचं नाही, त्यामुळं सवय मोडली होती. पट्टा फटफट वाजायचा, दगड घरघरायचे आणि मामी चुलीपाशी बसून बोटांनी बोलायची. दोन बोटं म्हणजे अजून दोन भाकरी, मूठ म्हणजे बस झालं, पंजा हलवला की पाणी. मला ते घर त्यामुळंच आवडलं असावं. मी पहिल्यापासून न बोलणारी. चारचौघांत कुणी नाव विचारलं तरी माझी कानशिलं गरम व्हायची. तिथं कुणी विचारत नव्हतं, आणि विचारलं तरी गिरणीच्या आवाजात ते विरून जायचं.

आमच्या वस्तीवरची शाळा चौथीपर्यंत होती, म्हणून मीही चौथीपर्यंत. पुढची शाळा ओढ्यापलीकडं. आई-आबा थंडीत ऊसतोडीला जायचे, मग धाकट्या भावांना कोण बघणार. हे आमच्याकडं घरोघरी होतं, त्यात वेगळं सांगण्यासारखं काही नाही. पुढं मामांच्या मुलीचं, ताईचं, लग्न होऊन ती लातूरला गेली आणि मामीच्या हाताखाली कुणी उरलं नाही, तेव्हा मामा येऊन मला बीडला घेऊन गेले. मला अठरावं सरलं होतं. ताईची गोधडी मला मिळाली, तिच्या खिळ्यावर माझा टॉवेल लागला, तिच्या मागं राहिलेल्या दोन साड्या मी सणावाराला नेसू लागले. मामी चुकून मला तिच्या नावानं हाक मारायची आणि मी ओ द्यायची. चूक दाखवण्यापेक्षा ओ देणं सोपं होतं.

गिरणीला लागून धान्याची खोली होती. त्यातली पोती एका बाजूला लावून दत्तादादानं, म्हणजे मामांच्या मुलानं, तिथं कॉम्प्युटर मांडला होता. दादा औरंगाबादला कोर्स करून आला होता आणि वेबसाइट बनवायचा. म्हणजे काय करायचा, ते गल्लीत कुणाला माहीत नव्हतं. मामा गिऱ्हाइकांना सांगायचे, पोरगं टीव्हीसारखं काहीतरी करतंय. मामी सांगायची, लिहायचं काम हाय. मला कुणी विचारलं नाही, हे बरंच झालं.

पीठ कुठंही जायचं. भिंतीवर, केसांत, पापण्यांवर, आणि त्या मशीनच्या बटणांच्या फटींत. दादा सगळ्यावर मामीचं जुनं पातळ टाकून ठेवायचा, तरी आत पीठ. ते साफ करायचं काम माझं. मामांचा दाढीचा जुना ब्रश मला त्यासाठी दिला होता. मी एकेक बटण झाडायची. त्यावर इंग्रजी अक्षरं होती, मला ती येत नव्हती, पण रोज पुसून पुसून ती कुठं कुठं बसतात ते मला पाठ झालं होतं. त्याचा मला काही उपयोग नव्हता.

गिरणी आणि कॉम्प्युटर एकत्र चालायचे नाहीत. मोटार सुरू झाली की दिवे मंद व्हायचे आणि पडद्यावरचं पान पाण्यात धरल्यासारखं हलायचं. म्हणून दादाचं काम दुपारी, मामा जेवून आडवे झाले की. तेव्हा घरात एक वेगळाच आवाज यायचा. नेट लावायला फोनची वायर मशीनला जोडावी लागायची, आणि मग आतून कुणीतरी चिरकायचं, घसा खरवडायचं, मग गप्प व्हायचं. मामी पहिल्यांदा उठून पोत्यांमागं चिमणी शोधत होती. नेट सुरू असताना कुणी फोनचा रिसिव्हर उचलला की सगळं तुटायचं. मामा झोपेतून उठले की नेमके तेच करायचे.

दादाला वाटायचं की साइट अशी असावी, ज्यानं आयुष्यात कधी कॉम्प्युटर बघितला नाही त्यालाही कळावी. असं माणूस त्याच्या घरातच होतं. दुपारी भांडी झाली की तो मला हाक मारायचा, पडद्यासमोर उभी करायचा आणि म्हणायचा, "समज, तू एका पोराची बहीण हायेस. भावासाठी पोरगी बघायचीय. आता कुठं दाबशील?"

मी जमिनीकडं बघायची. तो थांबायचा. माझ्या उत्तरासाठी त्याआधी कुणी असं थांबलं नव्हतं, आणि त्या थांबण्यानंच मला आणखी लाज वाटायची. बटण मला दिसलेलं असायचं. पण बोट उचलून दाखवायचं म्हणजे काय तरी भलतंच केल्यासारखं वाटायचं. शेवटी तोच मान हलवायचा. "म्हणजे बटण चुकीच्या जागी हाय," म्हणायचा, आणि ते हलवायचा, मोठं करायचा, रंग बदलायचा. माझ्या लाजण्यापायी त्या साइटवरची बटणं एवढी मोठी झाली की रस्त्यावरून दिसली असती.

ही साइट एका वधूवर मंडळाची होती. ते चालवणारे रिटायर झालेले गुरुजी होते, छत्री घेऊन यायचे आणि पोत्यावर बसायचे. त्यांना ती लग्नपत्रिकेसारखी हवी होती. वर गणपती, दोन्ही बाजूंना केळीचे खांब, मधून सरकत जाणारी अक्षरं, आणि उघडल्याबरोबर सनई. दादाला पांढरं पान हवं होतं. गुरुजी पडद्याजवळ तोंड नेऊन म्हणाले, "एवढं रिकामं कावून सोडलंय? लोक म्हणतील, मंडळाकडं पोरीच न्हाईत."

दादानं त्यांना समजावलं, की सगळंच ओरडायला लागलं तर काहीच ऐकू येत नाही. गिरणीत राहणाऱ्या माणसाला हे कळत असेल, पण गुरुजींना पटलं नाही. शेवटी गणपती राहिला, केळी गेली, सनईवर तोडगा निघाला नाही. ते गेल्यावर दादा मला म्हणाला, "डोळ्याला टेकायला जागा लागते गं, शालन." मी मान हलवली. कळलं नव्हतं. पण आज मांजरसुंब्याला माझ्या घरात एक भिंत मी मोकळी ठेवते. माझे मालक दरवर्षी तिथं कॅलेंडर लावायला खिळा घेऊन उभे राहतात आणि मी म्हणते, राहू द्या. कशासाठी ते मला सांगता येत नाही.

एकदा मी धीर करून दादाला विचारलं, हे पान आता कुठं आहे. तो म्हणाला, अमेरिकेतल्या एका मशीनमध्ये. मग इथं कसं दिसतं? तर म्हणे इथंही आहे. म्हणजे दोन आहेत? नाही, एकच. मग तो गिरणीच्या डब्यांचं उदाहरण देऊ लागला, डबा इथं, दळण तिथं, असं काहीतरी, आणि मध्येच स्वतःच अडखळला. मी ब्रश घेऊन बटणं झाडायला लागले. आज माझी मुलगी हातातल्या फोनवर सगळं करते, आणि तेच मला अजून विचारावंसं वाटतं. ती म्हणते, आई, ते वर असतं. मी आभाळाकडं बघते. असो.

तर साइटवर एका मुलीचं पान कसं दिसेल, ते गुरुजींना दाखवायचं होतं. खरी माहिती अजून यायची होती. दादानं ताईच्या लग्नाच्या अल्बममधून एक फोटो काढला. त्यात मी ताईनं त्या दिवसापुरत्या दिलेल्या साडीत, डोक्यावर पदर, हातात अक्षतांचं ताट घेऊन उभी होते. ताट कापून त्यानं नुसता चेहरा ठेवला आणि मित्राकडून तो मशीनमध्ये घालून आणला. दुपारी मी झाडायला गेले तर पडद्यावर मी. शेजारी मराठीत लिहिलेलं. मला वाचायला वेळ लागतो, पण मी वाचलं. नाव कुमारी पल्लवी. शिक्षण बी.ए. रंग गोरा. आवड वाचन आणि गायन. अपेक्षा, मुलगा समजूतदार आणि निर्व्यसनी असावा.

"ही कोण?" मी विचारलं.

"कुणी न्हाई. जागा धरलीय," दादा म्हणाला. मग माझं तोंड बघून त्यानं सांगितलं, "एस्टी फलाटाला लागली की माणसं खिडकीतून रुमाल टाकतेत का न्हाई सीटवर? तसं. खरी पोरगी आली की रुमाल उचलायचा, तिला बसवायचं. गुरुजींना दाखवून झालं की काढतो."

मला हे कळलं. दादानं सांगितलेल्यातलं मला नीट कळलेलं हे एकच. तरीपण तो जेवायला गेला की मी ते पान पुन्हा बघायची. पल्लवीला माझं नाक होतं, माझ्या कपाळावरचा वण होता, पण ती माझ्यासारखी घाबरलेली दिसत नव्हती. बी.ए. लिहिलं की चेहरा बदलतो का, याचा मी खूप विचार केला. आणि तिच्या अपेक्षा. माझी अपेक्षा काय, असं मला कधी कुणी विचारलं नव्हतं, आणि मी मनात विचारून बघितलं तर उत्तर सापडलं नाही. वाचनाचं मात्र मी मनावर घेतलं. दळणाच्या डब्यांवर झाकायला आणलेली वर्तमानपत्रं मी तेव्हापासून वाचू लागले. चोरून, पाठीमागच्या पानापासून. आज हे लिहू शकते ते त्याच्यामुळं.

लग्नसराई तोंडावर आली आणि गुरुजींनी घाई लावली. ज्या दुपारी साइट वर पाठवायची, त्या दुपारी नेट सारखं तुटत होतं, कारण मामांना झोप येत नव्हती आणि ते पुन्हा पुन्हा रिसिव्हर उचलत होते. शेवटी दादानं वैतागून होतं नव्हतं तेवढं सगळं एकदम पाठवून दिलं. त्यात पल्लवीचं पानही गेलं. आणि त्या पानावर संपर्कासाठी त्यानं, पुन्हा जागा धरायला म्हणूनच, गिरणीचा फोन नंबर घातला होता.

पुढच्या आठवड्यात गिरणीचा फोन वाजू लागला. मामा पट्ट्याच्या आवाजात एक कान दाबून ओरडायचे, इथं कुणी पल्लवी न्हाई, इथं ज्वारी-बाजरी दळतेत, गव्हाचं चाक वेगळं हाय. एका संध्याकाळी जेवताना ते मामीला म्हणाले, "आपल्या नंबरासारखाच कुणाचा तरी नंबर हाय बघ. त्या पल्लवीला लई स्थळं येतेत."

दादाचा हात येसराच्या आमटीच्या वाटीवरच थांबला. मी त्याच्याकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं, आणि आम्ही दोघांनी खाली बघितलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं ते पान काढलं. मला येऊन सांगितलं, काढलं गं. पण संध्याकाळी बसस्टँडजवळच्या नेट कॅफेतून त्याचा मित्र आला आणि म्हणाला, हाय की अजून. दादा सायकलवर गेला, बघून आला, घरच्या मशीनवर बघितलं तर नाही, तिथं आहे. इतके दिवस गोंधळायचं काम माझं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याला गोंधळलेला बघितला. तो म्हणाला, तिथल्या मशीननं जुनं पान धरून ठेवलंय, जाईल दोन दिवसांत. मी रात्रभर विचार करत पडले होते, की बसस्टँडजवळ एक मशीन माझा चेहरा धरून बसलंय आणि सोडत नाही.

मग गिरणीत एक बाई दळण न्यायला आली आणि मामीला म्हणाली, तुमच्या भाचीचा फोटो म्हणं नेटवर लावलाय. मामीच्या हातातलं माप तिथंच राहिलं. सगळं बाहेर आलं. मामा दादाला फार बोलले, गिरणी बंद करून बोलले, म्हणजे गल्लीला ऐकू जाईल असं. त्यांना एकच धास्ती होती, आणि ती मलाही होती. माझ्या आबांना हे वस्तीवर कळलं, तर ते त्याच दिवशी मला घेऊन जातील आणि नाव बदनाम व्हायच्या आत, मिळेल त्या पहिल्या घरी देऊन टाकतील. माझ्या बरोबरीच्या एका मुलीचं असंच झालं होतं, आणि ते नेटमुळं नव्हे, नुसतं जत्रेत कुणाशी बोलली म्हणून.

मामा अजून वस्तीवर निरोप धाडावा की धाडू नये या विचारात होते, तेवढ्यात बाजाराच्या दिवशी, गिरणीत डब्यांची रांग लागलेली असताना, तीन माणसं आली. एक टोपीवाले म्हातारे, एक वयस्क बाई आणि अंगात इस्त्रीचा शर्ट घातलेला मुलगा. म्हाताऱ्यांनी गिरणीच्या आवाजावर आवाज काढून मामांना विचारलं, पल्लवीचं घर हेच का. मामांनी मोटार बंद केली. पट्टा हळू होत होत थांबला. रांगेतल्या सगळ्या बायका वळून बघू लागल्या. म्हाताऱ्यांच्या हातात एक कागद होता, नेट कॅफेतून छापून आणलेला, काळा-पांढरा, आणि त्यावर मी होते.

ते घाटनांदूरहून आले होते. मुलाच्या मावसभावानं कॅफेत ते पान बघून कागद पाठवला होता, आणि फोन केला की कुणीतरी गिरणी-गिरणी म्हणून ओरडतं, तेव्हा बीडात येऊन गिरण्या विचारत विचारत ते इथवर पोचले होते. घरी आलेल्या माणसांना दारातून लावून कसं द्यायचं. मामांनी त्यांना आत नेऊन बाजेवर बसवलं, पाणी दिलं आणि स्वयंपाकघरात आले. दादाही मागच्या दारानं आला. मामी चुरमुरे भिजवायला टाकत होती. घाईच्या पाहुण्यांना आमच्याकडं सुसला, त्याला वेळ लागत नाही.

गिरणी बंद होती, म्हणून सगळे दबक्या आवाजात बोलत होते. मामा म्हणाले, खरं सांगून टाकू, हात जोडू. दादा म्हणाला, खोट्या पोरीचं पान टाकलं असं झालं तर गुरुजींच्या मंडळाला पुन्हा कुणी पोरीचा फोटो देणार नाही, आणि मला कुणी काम देणार नाही. आजचा दिवस निघू दे, नंतर जुळलं नाही म्हणून कळवू. मामीनं चुरमुरे पिळून घेतले, कांदा परतला आणि आमच्याकडं न बघता म्हणाली, "पोरगा चांगला दिसतोय. शिकलेला हाय, स्वतःचं दुकान हाय म्हणतेत. घरी चालून आलंय, अन् तुमी नावावर अडलाव. लग्नात सासरी नाव बदलतेतच की. हिचं आधी बदललं म्हणायचं."

"अन् बी.ए.?" मामा म्हणाले.

मामी माझ्याकडं वळली. "विचारलं तर मान खाली घाल. तेवढं तुला येतंय."

मामा, मामी, दादा, तिघांपैकी कुणी वाईट नव्हतं. मामीला मी आबांच्या घाईतून सुटावं असं वाटत होतं, हे मला आता कळतं. पण त्या वेळी मला काही कळत नव्हतं. मी पल्लवी झाले तर मला चांगलं घर मिळणार होतं, आणि नाही झाले तर आबा. आणि पल्लवी झाले तर जन्मभर तिचं बी.ए. मी कुठून आणणार होते? ताईची साडी नेसताना मला वाटलं, साडी तिची, नाव पल्लवीचं, मग बाजेसमोर जाऊन बसणार आहे ती कोण.

सुसल्याचं ताट घेऊन मी गेले. बशा ठेवल्या, पाया पडले, पाटावर बसले. म्हातारे मुलाचे वडील होते आणि ती बाई त्याची आत्या. तिनं विचारलं, नाव काय बाई तुझं. माझे कान तापले. तिनं पुन्हा विचारलं. दारातून मामी म्हणाली, लाजाळू हाय लई. आत्यानं कागदाकडं बघितलं आणि म्हणाली, गायन येतंय म्हणं. मला वाटलं आता जमीन फाटावी. तेव्हा म्हाताऱ्यांना दया आली. "आसू द्या," ते म्हणाले. "बोलू नको, पोरी. नाव तेवढं लिहून दाखव."

मुलगी बघायला आले की तेव्हा नाव लिहून घ्यायची रीत होती, शिकलेली आहे का ते बघायला. घरात कोरा कागद सापडेना. म्हाताऱ्यांनी हातातलाच कागद पालथा केला, मुलानं खिशातलं पेन काढून दिलं, आणि सुसल्याचं रिकामं ताट उलटं करून माझ्यापुढं ठेवलं.

मी खरं सांगायचं ठरवलं, असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी काहीच ठरवलं नाही. पेन हातात धरलेलं मला आठवत नव्हतं इतकी वर्षं झाली होती. कागदाच्या खालच्या बाजूला पल्लवी होती, ताटाला चेहरा लावून. वरच्या बाजूला कोरं पांढरं. माझ्या हाताला लिहायची एकच पद्धत माहीत होती, शाळेत बाईंनी वहीच्या पहिल्या पानावर घालायला शिकवलेली. आधी आपलं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. त्याच्या खाली इयत्ता. मग खाली दोन रेघा, सरळ, पट्टी नसली तरी सरळ. मी तसं लिहिलं. हात थांबला तेव्हा मी बघितलं. शालन, आबांचं नाव, आडनाव. खाली, इयत्ता चौथी.

म्हाताऱ्यांनी चष्मा लावून वाचलं. कागद उलटून पुढची बाजू बघितली, पुन्हा मागची, पुन्हा पुढची. आत्या म्हणाली, "मग पल्लवी कोण?"

मामा पुढं व्हायच्या आत मीच बोलले. कशी बोलले ते माहीत नाही. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "ती कुणी न्हाई," मी म्हणाले. "जागा धरलीय."

कुणालाच काही कळलं नाही. दादाला मात्र कळलं. तो दारातून आत आला आणि त्यानं हात जोडून सगळं सांगितलं, फोटोचं, नमुन्याचं, तुटणाऱ्या नेटचं, अगदी एस्टीतल्या रुमालाचंसुद्धा. मामाही हात जोडून उभे राहिले. म्हातारे शेवटपर्यंत ऐकत होते. मग त्यांनी बशीतला उरलेला सुसला संपवला आणि दादाला म्हणाले, "सीटवर रुमाल दिसला की माणूस पुढच्या सीटकडं जातंय, बाबा. तुमचा रुमाल बघून आमी घाटनांदूरहून दोन एस्ट्या बदलून आलोत. असला कसला रुमाल तुमचा?"

आत्यानं तोंडाला पदर लावला. ती रागावली होती की हसत होती, ते मला दिसलं नाही. मुलानं वडिलांच्या हातातून कागद घेतला, मागच्या बाजूनं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "अक्षर चांगलं हाय."

एवढंच. ते उठले. जाताना आत्यानं रीतीप्रमाणं मला कुंकू लावलं. पसंतीचं की नुसतं निघतानाचं, ते तिनं सांगितलं नाही, आणि मी विचारणार नव्हते. कागद त्या मुलानं घडी करून शर्टाच्या खिशात घातला आणि नेला. मामी बरेच दिवस घाटनांदूरच्या निरोपाची वाट बघत होती. तो आला नाही. नाही म्हणूनही आला नाही.

बाजाराला आलेल्या बायकांनी गोष्ट वस्तीवर पोचवली आणि आबा आले. मामांनी त्यांना जेवायला वाढून सगळं सांगितलं. मी चुलीमागं बसून माझं बोचकं मनातल्या मनात बांधत होते. आबांनी शेवटचा घास खाल्ला, हात धुतला आणि एकच विचारलं, "फोटोत डोक्यावर पदर होता का?"

"होता," मामा म्हणाले.

"मग आसू द्या," आबा म्हणाले, आणि शेवटच्या एस्टीनं गेले. मी राहिले. मामीनं त्या रात्री मला माझ्या नावानं हाक मारून जेवायला वाढलं. मला आधी कळलंच नाही, ती कुणाला बोलावतेय.

पुढच्या वर्षी मामांनीच माझं लग्न मांजरसुंब्याला लावलं. मालकांचं ढाब्यांच्या रांगेत पंक्चरचं दुकान आहे. बघायला आले तेव्हा त्यांनी मला नाव लिहायला लावलं नाही, आणि लग्नात नावही बदललं नाही. का, ते मी विचारलं नाही. संसार चांगला झाला. पण कधी पोस्टाच्या पावतीवर सही करताना त्या मुलाचं वाक्य आठवतं आणि मी खाली दोन रेघा ओढता ओढता राहते. तो कागद घाटनांदूरला कुणाच्या घरी, कुठल्या बाजूनं पडला असेल, असंही वाटतं. हे कुणाला सांगायचं नाही, म्हणून इथं लिहिलं.

दादा आता पुण्याला असतो. मोठ्या मोठ्या दुकानांच्या साइट बनवतो. बीडला जाताना आमच्याकडं चहाला थांबतो. मागच्या खेपेला त्यानं ओट्यावर लॅपटॉप उघडला, अर्धवट झालेलं काम बघत बसला. मी चहा ठेवायला गेले आणि सवयीनं पदरानं त्याची बटणं पुसली. पीठ नव्हतंच. पडद्यावर पांढरं पान होतं, खूप मोकळं, आणि वरच्या चौकोनात मराठीत लिहिलेलं होतं. शालन, इयत्ता चौथी.

मी दोनदा वाचलं. दादा जरा लाजला. म्हणाला, "त्या दिवसापासून हेच टाकतो. कुठलंबी काम असू दे, जागा धरायला पहिलं तुझं नाव. गिऱ्हाईक बघायच्या आधी काढतो."

"सगळीकडचं काढलंस?" मी विचारलं.

त्यानं चहाचा घोट घेतला आणि विचार केला. "काढलंच आसंल," तो म्हणाला. त्या संध्याकाळी नेट कॅफेतून परत आला तेव्हा होतं तसंच त्याचं तोंड झालं होतं. मला राग यायला हवा होता की बरं वाटायला, ते मला कळेना. अजून कळलेलं नाही. तेवढ्यात त्यानं लॅपटॉप माझ्याकडं फिरवला. "बरं, हे बघ. समज, तुला काहीतरी विकत घ्यायचंय. कुठं दाबशील?"

बटण मला दिसलं होतं. खाली, मोठं, निळं. या खेपेला मी बोट उचललं आणि पडद्यावर टेकवलं, पण बटणावर नाही. माझ्या नावावर. काहीच झालं नाही.

दादा हसला नाही. तो तसाच थांबून पानाकडं बघत राहिला, पूर्वी माझ्या उत्तरासाठी थांबायचा तसा. मग मान हलवून म्हणाला, "म्हणजे बटण चुकीच्या जागी हाय," आणि चहा तसाच ठेवून ते हलवायला लागला.